बावखलाच्या तीन खुंट्या

आमच्या मागच्या पायरीपासून बावखलाच्या पाण्यापर्यंत माझी एकोणीस पावलं होतात. जुईची एक्केचाळीस. ही एक्केचाळीस पावलं टाकायला तिला किती वेळ लागतो तेही मी मोजलं आहे. तव्यावरची पोळी एकदा उलटून शेकायला लागतो तेवढाच. म्हणून आमच्याकडच्या पोळ्या एका बाजूने जळतात. सासूबाईंना वाटतं मला येत नाहीत.

माझं माहेर विरारला, चौथ्या मजल्यावर. तिथे खिडकीला ग्रिल, ग्रिलला जाळी आणि जाळीला कुलूप. लग्न करून सांडोरला आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस भाविका, केळी काय, नारळ काय, मोकळी हवा काय! मोकळी हवा मलाही आवडते. मोकळ्या पाण्याचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि तळंही नव्हे. वाडीला गोडं पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेला हा खोल खड्डा. त्याला कठडा नाही, पायरी नाही. काठ घसरता आणि मधोमध दोन पुरुष पाणी. जुई दोन वर्षं चार महिन्यांची आहे. त्यातले मासे तिचे आहेत असं तिचं ठाम मत आहे आणि त्यांना बिस्किट भरवणं हे तिचं काम.

बावखल कुणाचं, यावर मात्र गावात ठाम मतं पुष्कळ होती, एकमत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या, पियुषच्या, पणजोबांनी आणि शेजारच्या आग्नेल अंकलच्या आजोबांनी मिळून ते खणलं. जागा कुणी सोडायची हे ठरेना, म्हणून दोघांनी बरोब्बर हद्दीवर खणायला घेतलं. हद्दीचा दगड आधी उपटून बाजूला ठेवला असता तर बरं झालं असतं, पण तो कुणाच्या बाजूला ठेवायचा? तेव्हा दगड तसाच राहू दिला. ते खणत गेले, दगड खाली जात गेला. आज हद्दीची खूण पाण्याच्या तळाशी चिखलात आहे. इतका न्याय त्या दोघांनी केला.

पुढे आमच्याकडच्या अर्ध्या भागाचीही वाटणी झाली. माझे सासरे गंगाराम, म्हणजे बाबा, आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रल्हादकाका यांनी घर वाटलं, वाडी वाटली, तांब्याची घंगाळं वाटली. पाणी कसं वाटायचं ते सुचेना. म्हणजे आग्नेल अंकल, बाबा आणि काका असे तीन मालक झाले आणि तिघांच्या तीन हद्दी पाण्यात जाऊन कुठेतरी एकमेकींना भेटायच्या. नारळाच्या तीन झाडांवरून बाबा आणि काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचे आणि हल्ली निरोप जुईकडे द्यायचे.

"जुई, तुझ्या आजोबांना सांग, त्यांच्या केळीचं पान माझ्या पत्र्यावर वाजतंय."

जुई म्हणायची, "नाय."

"जुई, त्यांना सांग, पत्रा काढा म्हणावं."

"नाय."

दोन्हीकडचे निरोप असे वेळच्या वेळी पोचायचे.

जुई पळायला लागली त्या आठवड्यात मी बाबांकडे कुंपणाचा विषय काढला. ते ओट्यावर बसून बाजाराला न्यायची केळीची पानं कापत होते.

"घालू की," ते म्हणाले. "कुठे घालू?"

"काठाला."

"आपल्या काठाला घातलं म्हणजे कुंपणापर्यंत आपलं आणि पलीकडचं पाणी आग्नेलचं. आपणच लिहून दिल्यासारखं झालं ते."

"मग त्यांच्या काठाला."

"तो कोयता घेऊन येईल."

"मग मध्ये?"

"मध्ये पाण्यात खांब कोण रोवणार? तू?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरीवर लक्ष ठेवायचं, झालं. पियुष काय कमी वांड होता? दोनदा पडला बावखलात."

"दोनदा?"

"तिसऱ्यांदा पोहायलाच लागला. काय झालं त्याला? चांगला बँकेत आहे."

मी आग्नेल अंकलकडे गेले. ते लगेच उठून उभे राहिले. "अगो भाविका, मी आज घालतो, आत्ता घालतो. लहान पोराचा सवाल हाय. पण मी एक खांब रोवला की तुझा सासरा बोलेल, आग्नेलने काठ बळकावला."

त्यांच्या पत्नी रोझलिन आंटी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपण पहिलं नाय घालायचं. जो पहिलं घालतो त्याचं मन त्याला खात असतं, असं लोक बोलतात."

"कोण लोक?"

"मी बोलते ना."

प्रल्हादकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते एसटीत कंडक्टर होते, ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. मग म्हणाले, "मी कोण कुंपण घालणारा? मला विचारतं कोण? आधी तीन नारळांचं बोला, मग कुंपणाचं."

कुंपण कुणीच घालत नव्हतं, पण पाण्याकडे दुर्लक्ष केलं असं मात्र कुणाला म्हणता आलं नसतं. तिघेही वहिवाट राखून होते. आमच्या वाडीत बोअर आहे, ठिबक आहे. तरी बाबा रोज सकाळी बावखलातून दोन कळश्या पाणी काढायचे आणि काठच्या केळीला घालायचे. फोटो काढायचा, तारखेसकट स्टेटसला ठेवायचा, वर "शुभ सकाळ". ती केळ पाण्याने कुजून मेली तेव्हा त्यांनी शेजारची केळ धरली. आग्नेल अंकल गळ टाकून बसायचे. मासा कधी लागला नाही, पण त्यांच्या स्टेटसवर रोज बायबलचं एक वचन यायचं आणि वचनामागे बावखल. रोझलिन आंटी एक टॉवेल धुवायच्या. रोज तोच. काका बंद पडलेली स्कूटर ढकलत आणून धुवायचे. गावात एवढी स्वच्छ बंद स्कूटर दुसरी नसेल.

मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारपर्यंत.

त्या दिवशी मी पोळी उलटली आणि मागे पाहिलं तर जुई नव्हती. मी मागच्या दाराशी पोचायच्या आत एकाच वेळी तीन आवाज झाले. काकांनी एसटीतली शिट्टी फुंकली, गाडी मागे घेताना फुंकतात तशी. बाबा ओरडले, "कोण रे ते काठावर!" आणि पलीकडून रोझलिन आंटी, "अगो अगो अगो, थांब!" जुई पाण्यापासून हातभर अंतरावर होती. तीन बाजूंनी गलका झाल्यावर ती दचकून मातीतच बसली आणि रडायला लागली. मी तिला उचललं.

तिघंही काठावर जमले होते. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"तुम्ही आमच्या काठावर कशा आलात?" बाबा आंटींना म्हणाले.

"तुमचा काठ? पोर कुठे उभं होतं बघा की. त्या अळवापासून आमचं लागतं."

काका जुईला म्हणाले, "जुई, तुझ्या आजोबांना सांग, तू माझ्या हद्दीत होतीस."

"नात माझी!" बाबा भिंतीकडे बघून ओरडले.

"नात असेल. हद्द माझी."

माझी मुलगी कुणाच्या हद्दीत बुडणार होती, यावर ते पाऊण तास भांडले. मी तिला कडेवर घेऊन ऐकत होते आणि हळूहळू मला उमगलं. या तिघांनी आरडाओरडा केला तो मुलीसाठी नव्हता. काठावर काहीतरी हललं म्हणून केला. इतकी जागती नजर तर पगार देऊनही मिळाली नसती.

त्या दिवसापासून मी कुंपणाचं नाव काढलं नाही. मी पहाऱ्याच्या वेळा लिहून काढल्या. सहा ते नऊ बाबा. नऊ ते अकरा काका आणि स्कूटर. अकरा ते एक रोझलिन आंटी. चार ते सहा अंकल आणि गळ. दुपारी एक ते चार सगळे जेवून झोपायचे आणि नेमकी तेव्हाच जुई जागी असायची.

मी आंटींकडे वाटीभर साखर मागायला गेले. म्हटलं, "आंटी, दुपारी दीड-दोनला प्रल्हादकाका काठाशी... जाऊ दे, मला काय करायचंय."

"काठाशी काय?"

"हातात टेपसारखं काहीतरी... नाही, मला नीट दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आंटींची प्लास्टिकची खुर्ची जांभाच्या झाडाखाली आली. आठवड्याने मी काकांच्या कानावर घातलं की आंटी हल्ली दुपारी काठावरच असतात. झालं, काकांनीही दुपारची झोप सोडली. खोटं म्हणाल तर मी खोटं बोलले नाही. मी एकही वाक्य पुरं केलं नाही.

तीन महिने मी सुखात होते. पोळ्या दोन्ही बाजूंनी शेकल्या जाऊ लागल्या. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "शिकली हळूहळू."

घात केला तो पियुषने. पियुष आणि आग्नेल अंकलचा मुलगा लेस्टर शाळेपासूनचे मित्र. आयांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे जास्तच. लेस्टर कॅनडाला निघाला होता आणि जायच्या आधी त्याला जमिनीचे कागद स्वच्छ हवे होते. दोघांनी मोजणीचा अर्ज केला. दोघेही शिकलेले, समजूतदार, आणि दोघांनाही मूल सांभाळावं लागत नाही.

फेब्रुवारीत मोजणीवाले आले. तीन पायांचं यंत्र उभं केलं, कधी इकडून बघितलं, कधी तिकडून. आमच्या ओट्यावर, काकांच्या ओट्यावर आणि अंकलच्या ओट्यावर तीन घरची माणसं श्वास रोखून बसली होती. शेवटी साहेबांनी काठावर तीन ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या, डोक्याला लाल रंग लावला आणि सांगितलं की या तीन खुंट्यांपासून मध्ये रेघा ओढा, तळाशी मिळतात तिथे तुमचा दगड.

सगळे बघत राहिले. खुंट्या तिथेच ठोकल्या होत्या जिथे त्या असतील असं सगळ्यांना आधीपासून वाटत होतं. कुणाचं काही गेलं नव्हतं आणि कुणाला काही मिळालं नव्हतं. क्षणभर सगळ्यांचे चेहरे पडले.

मग आग्नेल अंकलनीच आवाज दिला, "या, चहा घ्या सगळे." आंटींनी सांदणं केली होती. तांदळाची मऊ, गोड सांदणं, ताट भरून. भांडण झालं असतं तर ती कुणी खाल्ली असती, हे मी विचारलं नाही. काकांनी कप तोंडाला लावला आणि समोर बसलेल्या बाबांना म्हणाले, "दादा, साखर कमी आहे का रे?"

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. बाबा म्हणाले, "जरा कमीच आहे." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मीही पुसले. खरंच मला भरून आलं होतं. म्हटलं, हीच वेळ आहे.

"बाबा, आता हद्द ठरली. आता कुंपण घालू या ना?"

बाबांनी अंकलकडे पाहिलं, अंकलनी काकांकडे. तिघेही हसले.

"आता कशाला?" बाबा म्हणाले. "आता भांडण कुठे राहिलंय?"

"शेजाऱ्याशेजाऱ्यात कुंपण बरं दिसत नाय, भाविका," अंकल म्हणाले.

भांडण होतं म्हणून कुंपण नव्हतं. आता भांडण नाही म्हणून कुंपण नको.

त्या दिवसापासून बावखलाकडे कुणी फिरकेना. वहिवाट कुणाला दाखवायची? कळश्या माळ्यावर गेल्या. स्कूटर भंगारवाल्याने नेली. आंटींची खुर्ची घरात गेली आणि टॉवेल, देवाच्या दयेने, पायपुसणं झाला. स्टेटसला फक्त गुलाब आणि "शुभ सकाळ". माझी रात्रीची झोप पुन्हा उडाली. मी जुईच्या पैंजणांना जास्तीची घुंगरं लावली. ती तिने दोन दिवसांत तोडून माशांना दिली, म्हणजे बिस्किटाबरोबर फेकली. फेकायला ती किती जवळ गेली असेल याचा मी हिशेब केला आणि तो करायला नको होता असं वाटलं.

मंगळवारी दुपारी सिलेंडरवाला आला. पुढच्या दाराशी मी सही केली, ओटीपी सांगितला, तो चुकला, पुन्हा सांगितला. मागे वळले तर पायरी रिकामी.

शिट्टी वाजली नाही. कुणी ओरडलं नाही. हॉलमधून टीव्हीचा आवाज येत होता. माझी एकोणीस पावलं त्या दिवशी नऊ झाली. जुईचा एक पाय पाण्यात होता, दुसरा चिखलात घसरत होता आणि ती वाकून हात पुढे करून कुणाला तरी सांगत होती, "ये, ये, खा." मी तिला दंडाला धरून ओढलं, इतकं जोरात की तिच्या दंडावर माझी बोटं दोन दिवस उमटलेली होती. नेमकं तेव्हाच घरातून तिघांचा एकदम आरडाओरडा आला.

"आऊट! आऊट! आऊट!"

आमच्या हॉलमध्ये बाबा, काका आणि आग्नेल अंकल एका सोफ्यावर बसून मॅच बघत होते. मांडीवर शेंगदाण्यांचं एकच ताट. मी चिखलाने माखलेली मुलगी घेऊन त्यांच्यासमोरून आत गेले.

"सावकाश गं," बाबा म्हणाले. "लादी ओली होते."

आत जाऊन मी जुईचे पाय धुतले. पाच वेळा धुतले. मग ती झोपली आणि मी विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिन्ही घरं झोपली होती. जुईही झोपली होती. तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली, ती दोनदा ओढून पाहिली आणि मी बावखलावर गेले. तीन खुंट्या, तीन हद्दी. एकच खुंटी सरकवली तर एकाचं जाईल आणि एकाचं वाढेल. ज्याचं वाढेल तो गप्प बसेल आणि चोर तोच ठरेल. मला कुणाला चोर ठरवायचं नव्हतं. म्हणून मी तिन्ही खुंट्या उपटल्या आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने एकेक वीत पुढे ठोकल्या. प्रत्येकाची एका बाजूला वीतभर जमीन गेली, दुसऱ्या बाजूला वीतभर आली. हिशेबाने कुणाचं काहीच गेलं नाही. पहिली खुंटी उपटताना मी तिन्ही दारांकडे बघत होते. तिसरी ठोकताना मी ती सरळ आहे की नाही हेही बघितलं.

गुरुवारी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन काठावर गेले. मी पोळी लाटत होते. कप फुटल्याचा आवाज आला.

"आग्नेल! ए आग्नेल! बाहेर ये!"

अंकल लुंगी सावरत आले. "काय झालं?"

"खुंटी बघ! वीतभर आत आलीय माझ्या!"

अंकलनी खुंटी बघितली. मग वळून काकांच्या बाजूची बघितली. "अरे, ती बघ ना! प्रल्हादने माझी वीतभर खाल्ली!"

"मी?" काका दात घासत आले होते. तोंडातला फेस तसाच ठेवून त्यांनी तिसरी खुंटी बघितली. "आणि ही? दादा, ही तुझ्याकडून माझ्यात आलीय! वा! साखर कमी आहे का म्हणे!"

"ते तूच विचारलं होतंस!"

मी दारातून बघत होते. तिघंही आपापली गेलेली वीत हाताने मोजून दाखवत होते. मिळालेली वीत तिथेच होती, मागे वळलं की दिसेल अशी. कुणीही मागे वळलं नाही. मला वाटलं होतं, एखाद्याच्या तरी लक्षात येईल. त्या भीतीने मी रात्रभर जागी होते. उगाच जागले.

संध्याकाळपर्यंत भाऊ भावाशी बोलायचा थांबला होता, अंकलनी बाबांना दिलेला शेवग्याच्या शेंगांचा भारा परत मागितला होता आणि सासूबाई पुन्हा डोळे पुसत होत्या. मी बाबांना चहा दिला आणि घुटमळत उभी राहिले.

"काय?" ते म्हणाले.

"काही नाही. लोक काय, कुणावरही आळ घेतील. मोजणीची खुंटी सरकवणं म्हणजे गुन्हाच ना? आपल्या बाजूने काठ उघडाच आहे. आपणच गेलो नाही हे दाखवणार कसं?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"आपला काठ बंद असता," मी म्हटलं, "तर खुंटीला हात लावणारा आपल्याकडचा नाही हे कुणीही सांगितलं असतं. आणि कागदावर पाणी आता आपलंच आहे. कुंपणाने जात नाही ते."

शनिवारी सकाळी सिमेंटचे खांब आले. दुपारपर्यंत आमच्या संपूर्ण काठाला छातीइतकी तारेची जाळी लागली. बाबा पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या बाजूने बंद! आता सरकली तर कुणी सरकवली ते देवाला माहीत आणि गावाला!"

आग्नेल अंकलचा काठ उघडा राहिला, म्हणजे संशय त्यांच्यावर. रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी कोट न काढता पत्रेवाल्याला फोन केला. सोमवारी त्यांच्या काठाला पुरुषभर उंच पत्रे. राहिले काका. त्यांनी हिरवी शेडनेट बांबूला बांधली. मी जवळ जाऊन पाहिली. खालून हात जात होता. हात जातो तिथे डोकं जातं आणि डोकं जातं तिथे जुई जाते.

मी जुईला घेऊन काकांच्या ओट्यावर गेले. "काका, जाळी छान आहे. फक्त अंकल कुणाला तरी सांगत होते, कंडक्टरची जाळी, खालून दहा माणसं शिरतील फुकट..."

बुधवारी काकांनी वेल्डर बोलावला. लोखंडी चौकटी, बारीक जाळी, खाली विटांचे दोन थर. संध्याकाळी मी बावखलाभोवती हात लावत पूर्ण फेरी मारली. कुठेही बोट जाईल एवढी फट नव्हती. तिघांचंही पाणी आत होतं आणि तिघंही बाहेर. जुई जाळीला नाक लावून अर्धा तास रडली. मला तिचं रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

पियुष मात्र कष्टी होता. लेस्टरला नकाशाची प्रत मिळाली होती, त्याचं काम झालं होतं, तो ठरल्या दिवशी गेला. पण विमानतळावरून आल्यावर पियुष म्हणाला, "दोन पिढ्यांचं भांडण आम्ही दोन महिन्यांत मिटवलं होतं गं. कुणी केलं असेल?"

"कोण जाणे," मी म्हटलं आणि त्याला जास्तीची भाजी वाढली. त्याला सांगितलं असतं तर त्याने समजून घेतलं असतं. समजून घेऊन लगेच जाऊन बाबांना समजावलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

मग अर्जांचं निघालं. खुंट्या सरकवणाऱ्याला शोधा आणि पुन्हा मोजणी करा, असा अर्ज बाबांना द्यायचा होता. तीन घरांत सरकारी मराठी लिहिता येणारी मी एकटी. बाबा सांगत होते, मी लिहीत होते.

"लिही, अज्ञात नीच माणसाने."

"नीच नको बाबा. अज्ञात इसमाने."

"बरं, इसमाने. कपटाने आणि पूर्ण विचार करून."

"पूर्वनियोजित रीतीने," मी लिहिलं. खरं तर तेवढाही वेळ मिळाला नव्हता. शेवटी मी माझ्याकडचं एक वाक्य घातलं आणि वाचून दाखवलं: "तरी अंतिम निकाल लागेपर्यंत बावखलाभोवतीची सर्व कुंपणे जैसे थे ठेवण्याचे आदेश व्हावेत."

"हे कशाला?"

"म्हणजे त्यांना त्यांचं कुंपण काढून पुन्हा आत शिरता येणार नाही."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले आणि सही केली.

दुपारी काका आले. त्यांच्या अर्जात मी इसमाला 'सराईत' केलं, त्यांना तसा हवा होता. जैसे थे त्यांनाही पटलं.

संध्याकाळी रोझलिन आंटी कोरा कागद घेऊन आल्या. बाबा वाडीत गेलेत हे बघूनच आल्या असाव्यात. जमिनीवर बसल्या, जुईला मांडीत घेतलं. मी अर्ज सुरू केला. अज्ञात इसमाने, बुधवार दिनांक अमुक रोजी...

"दुपारी दोनला," आंटी म्हणाल्या.

माझं पेन थांबलं.

"मला सवय लागली ना दुपारची, झोप येत नाय आता. वरच्या गॅलरीत बसलेली. इसम कसला? हिरवा गाऊन होता. केस वर बांधलेले. तिसरी खुंटी ठोकताना डोळा बारीक करून बघितलं, सरळ आहे की नाय."

तोच हिरवा गाऊन माझ्या अंगावर होता. आंटी जुईच्या दंडावर बोट फिरवत होत्या. तिथे आता काही उरलं नव्हतं, तरी त्या फिरवत होत्या.

"मंगळवारचं पण बघितलं मी," त्या म्हणाल्या. "वरून. मी ओरडले गो. पण त्या मेल्यांची मॅच. माझा आवाज तुला पण नाय ऐकू आला. जिना उतरेपर्यंत तू तिला धरलेलं." त्यांनी जुईचा फ्रॉक सारखा केला. "त्याच रात्री बोलले मी आग्नेलला कुंपणाचं. तो बोलला, आता भांडण कुठे हाय."

"आंटी, मी..."

"गाऊनचं नको लिहू," त्या म्हणाल्या. "कोणाला खरं नाय वाटणार. लिही, उंच माणूस होता. मिशी होती."

मी लिहिलं.

"आणि ते तू सासऱ्याच्या अर्जात घातलंस ते, जैसे थे, वाचताना ऐकलं मी. ते घाल. दोनदा घाल." त्यांनी खाली सही केली आणि पेनाचं टोपण नीट लावून मला परत दिलं. "किती वर्षं चालेल असं?"

"पुनर्मोजणी, मग अपील... दहा-बारा वर्षं तरी."

आंटींनी जुईकडे बघून मनात काहीतरी बेरीज केली. मग उठता उठता म्हणाल्या, "तारीख लवकर दिली तर मला सांग. मी आजारी पडेन."